आमचा वांटा

जुलै महिना लागला कीं आमच्या घरीं माळ्यावरची एक जुनी लोखंडी पेटी खालीं येते. वडिलांच्या हातच्या वह्या, वाड्याचे कागद, रत्नागिरी जिल्ह्यांतल्या आमच्या कलमांच्या बागेचे सातबारा उतारे आणि कित्येक वर्षांच्या आयकराच्या विवरणपत्रांच्या नकला असा सगळा पसारा तींत आहे. थोरले बंधु वारल्यापासून ह्या पेटीची किल्ली मजकडे आली; कारण कायद्याच्या भाषेंत मी आमच्या अविभक्त हिंदु कुटुंबाचा ‘कर्ता’ आहें. एरवीं घरांत माझें कर्तेपण कोणाच्या खिजगणतींत नसतें. भाजी कोणती केली आहे हें मला पानावर बसल्यावरच कळतें. परंतु वर्षांतून एकदां, त्या विवरणपत्रावर सही करण्यापुरता, मी खराखुरा कर्ता होतों. सही तरी कसली? दूरध्वनीवर आलेले सहा आंकडे मोठ्यानें वाचून दाखवावयाचे इतकेंच. पण ते आंकडे माझ्या नांवानें येतात, आणि त्यांच्यामागची जबाबदारीहि माझ्याच नांवाची असते.

२०२५ च्या जुलैंत ही पेटी उघडली आणि घरांत आठ दिवस अबोला झाला. ती हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण तींतला प्रश्न केवळ आमच्या घरापुरता नाहीं.

वादाला सुरुवात केली ती माझ्या पुतण्यानें. तो संगणकाच्या एका कंपनींत चांगल्या हुद्द्यावर आहे. वर्षाचा पगार चोवीस लक्ष. रात्रीं जेवतांना तो म्हणाला, “काका, माझ्या पगारांतून दरमहा चोवीस हजार तीनशें पंचाहत्तर रुपये हातांत येण्यापूर्वींच कापले जातात. वर्षाचे २ लक्ष ९२ हजार ५०० होतात. मला कोणी विचारीत नाहीं कीं बाबा, ह्या महिन्यांत देतोस का? आणि ज्यांच्या मोटारींची किंमत माझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढी, त्यांचा कर कोठें जातो?”

माझा धाकटा भाऊ त्याच्या शेजारीं बसला होता. त्याचा यंत्राचे सुटे भाग करण्याचा लहानसा कारखाना आहे. चौदा माणसें त्याच्या जिवावर जेवतात. तो हंसून म्हणाला, “अरे, तुझा पगार कागदावर असतो म्हणून तूं सांपडतोस. त्यांत पुण्य कसलें?” पुतण्याची आठ वर्षांची मुलगी सर्वांच्या तोंडाकडे पाहात होती. तिनें मध्येंच विचारलें, “आजोबा, आपण श्रीमंत आहोंत का?” ह्या प्रश्नाला घरांतल्या एकाहि मोठ्या माणसानें उत्तर दिलें नाहीं. वहिनींनीं तिच्या पानांत आणखी भात वाढला आणि विषय तेथेंच थांबला.

जेवणें झाल्यावर धाकटा भाऊ माझ्या खोलींत आला आणि दार लोटून बसला. म्हणाला, “अण्णा, तुमच्याशीं एक बोलायचें आहे. कारखान्याचे सहा लाख रुपये रोखीचे आहेत. सल्लागार म्हणतो, ते बागेच्या उत्पन्नांत दाखवावे. बाग वडिलार्जित आहे, म्हणजे कुटुंबाच्या विवरणपत्रांत जाईल. आंब्यावर कर नाहीं. तुम्हीं फक्त ते आंकडे सांगायचे. सगळेच करतात.”

ही युक्ति कशी चालते तें ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. हिंदुस्थानांत पहिला आयकर १८६० सालीं बसला. १८५७ च्या धामधुमीनें सरकारी तिजोरी रिकामी झाली होती. ती भरण्यासाठीं विलायतेहून जेम्स विल्सन ह्यांस अर्थसचिव म्हणून आणलें गेलें. कर बसवून पंधरा-वीस दिवस होतात न होतात तोंच ते कलकत्त्यास वारले. कर मात्र मागें राहिला. पुढें १८८६ च्या कायद्यानें शेतीचें उत्पन्न ह्या करांतून वगळण्यांत आलें. त्या काळीं जमिनीवर सारा होता आणि तो शेतकऱ्याच्या कमरेंत बसत असे. एकाच पिकावर दोन कर नकोत, हा विचार अन्यायाचा नव्हता. आज साऱ्याची रक्कम नांवापुरती उरली आहे, पण सवलत तशीच आहे. राज्यघटनेनें शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार राज्यांकडे ठेवला, आणि मतदारांपैकीं इतके लोक शेतकरी असतांना तो अधिकार वापरण्याची उमेद फारशा राज्यांना नाहीं. १९७२ सालीं प्राध्यापक राज ह्यांच्या समितीनें मोठ्या धारणेच्या शेतीवर कर सुचविला. त्यांतून १९७३ पासून एवढेंच झालें कीं इतर उत्पन्न करपात्र असेल तर त्याचा दर ठरवितांना शेतीचें उत्पन्न हिशेबांत धरतात. ज्या अल्पभूधारकासाठीं ही सवलत आहे त्याचें उत्पन्न असेंहि कराच्या मर्यादेपर्यंत पोंचत नाहीं. तिची सावली पडते ती आमच्यासारख्यांवर, जे वर्षांतून चार दिवस बागेंत जातात आणि बाकीचे दिवस शहरांत राहतात.

त्या वर्षीं आमच्या बागेंत मोहोर टिकला नव्हता. बाग राखणाऱ्या गड्यानें दूरध्वनीवरून हिशेब सांगितला होता तो माझ्या वहींत लिहिलेला होता: एकशें दहा पेट्या, खर्च वजा जातां एक लक्ष साठ हजार रुपये. म्हणजे झाडांनीं हात आंखडता घेतला त्याच वर्षीं कागदावर आंब्याला असा बहर यावयाचा होता, कीं जसा आमच्या वडिलांनींहि कधीं पाहिला नसेल! मला हंसूं आलें. पण भावाचा चेहरा पाहून तें मीं आंतच ठेवलें. मीं म्हटलें, “मला दोन दिवस दे. मी आधीं पुतण्याच्या प्रश्नाचें गणित करतों.” गणित शिकविण्यांत माझा जन्म गेला, त्यामुळें अडचणीच्या वेळीं मी आंकड्यांच्या आडोशाला जातों, हें घरांत सर्वांना ठाऊक आहे.

गणित मांडलें तें असें. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीच्या दरांनीं तीस लक्ष पगार मिळविणाऱ्यास ४ लक्ष ७५ हजार ८०० रुपये कर पडतो. म्हणजे शेंकडा पावणेसोळाहून कांहींसा अधिक. पांच कोटि पगार मिळविणाऱ्यास, अधिभार व उपकर धरून, सुमारें एक कोटि एकोणनव्वद लक्ष पडतात; शेंकडा जवळजवळ अडतीस. येथपर्यंत ‘श्रीमंत कर देत नाहींत’ हें म्हणणें सपशेल खोटें ठरतें. परंतु हेच पांच कोटि एखाद्यास पगारानें न मिळतां, वर्षाहून अधिक काळ जवळ ठेवलेले बाजारांतले शेअर विकून नफ्यानें मिळाले, तर? अशा नफ्यावरचा दर साडेबारा. आणि त्यावरचा अधिभार पंधराच्या वर जात नाहीं. त्याचा कर सुमारें चौऱ्याहत्तर लक्ष, म्हणजे शेंकडा पंधराच्याहि आंत. तीस लक्षांचा नोकरदार आपल्या मिळकतीचा जेवढा भाग देतो, त्याहून हा पांच कोटींचा धनी कमी भाग देतो. आणि त्यानें शेअर विकलेच नाहींत, नुसते वाढूं दिले, तर त्या वाढीवर कांहींच नाहीं. मोठी संपत्ति बहुधा ह्याच रूपांत असते; ती ‘मिळत’ नाहीं, नुसती ‘वाढते’.

हें गणित मीं दोघांसमोर ठेवलें. पुतण्याला आनंद झाला. धाकटा भाऊ मात्र हुशार आहे. तो म्हणाला, “अण्णा, तुम्हीं अर्धेंच गणित केलेंत. त्या शेअरमागें कंपनी आहे. तिनें आपल्या नफ्यावर शेंकडा पंचवीस आधींच भरले आहेत. उरलेल्यांतून शेअर वाढला, आणि त्यावर पुन्हां हा कर. दोन्ही मिळवून पाहा.”

मीं मिळवून पाहिलें. मोठ्या कंपन्यांचा दर २०१९ पासून बावीस, अधिभार-उपकरांसह पंचवीसहून थोडा अधिक. कंपनीचा सगळा नफा कंपनींतच राहिला आणि शेअरची वाढ केवळ त्यांतूनच झाली असें धरलें, तर दोन्ही करांचा एकूण भार शेंकडा छत्तीसच्या घरांत जातो. म्हणजे पगारदार कोट्यधीशाच्या फार मागें नाहीं. भावाचें म्हणणें मला मान्य करावें लागलें. मात्र शेअरची किंमत पुष्कळदां कमावलेल्या नफ्यानें वाढत नाहीं, पुढच्या आशेनें वाढते. आणि आशेवर कोणत्याहि कंपनीनें कर भरलेला नसतो. शिवाय जो कधींच विकीत नाहीं त्याला दुसरा कर कधींच लागत नाहीं. तेव्हां न्याय कोठें आहे तें एका वाक्यांत सांगतां येत नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं आपल्याकडे कर माणसाच्या ऐपतीपेक्षां त्याच्या उत्पन्नाच्या रूपावर अधिक अवलंबून आहे. पगार हें सर्वांत उघडें रूप. त्याला अंगावर पांघरूण नाहीं.

मग दर वाढवावे, एवढा साधा उपाय कां नाहीं? हा उपाय आपल्या देशानें करून पाहिला आहे. १९५३ सालीं, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असतांना, मृताच्या मालमत्तेवर कर आला. त्याचा सर्वांत वरचा दर पुढें पंचाऐंशीपर्यंत गेला. १९५६ सालीं केंब्रिजचे निकोलस कॅल्डोर ह्यांनीं अहवाल दिला आणि त्यामागोमाग संपत्तिकर, खर्चावरचा कर, दानावरचा कर असे एकेक आले. १९७३-७४ सालीं दोन लक्षांवरील उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयांतून पावणेअठ्ठ्याण्णव पैसे सरकारचे झाले. कागदावर ह्याहून अधिक समता ती कोणती? पण ज्या सापळ्यांतून शंभरांतले सव्वादोनच सुटतात त्यांत कोण आपण होऊन पाय घालील? त्या काळच्या श्रीमंतांनीं एक तर मिळकत लपविली, नाहीं तर ती पगाराऐवजीं बंगला, मोटार आणि सफरी ह्यांच्या रूपानें घेतली. वांछू समितीनें १९७१ सालींच सांगितलें होतें कीं एवढे चढे दर हेंच चोरीचें एक मूळ आहे. पुढें एकेक कर मागें घेतला गेला. मृतांच्या मालमत्तेवरचा १९८५ सालीं गेला, दानावरचा १९९८ सालीं, संपत्तीवरचा २०१५ सालीं. ह्या शेवटच्या कराची वसुली २०१३-१४ ह्या संबंध वर्षांत सगळ्या देशांतून केवळ एक हजार आठ कोटि रुपये झाली होती. देशांत संपत्ति नव्हती असें नव्हे. ती कराच्या वाटेवर उभी राहात नव्हती.

अशा रीतीनें आपण एका टोंकाहून दुसऱ्या टोंकाला आलों. आज बापानें हजार कोटि ठेवले तर मुलाला ते घेतांना सरकारास एक पैहि द्यावी लागत नाहीं. आणि त्याच मुलाच्या कचेरींतल्या कारकुनाच्या बायकोला साबणाच्या वडीवर कर चुकत नाहीं. साबणावरचा कर २०२५ च्या सप्टेंबरांत अठरावरून पांचावर आला हें चांगलें झालें. पण आमच्याकडे पोळ्या करावयास येणाऱ्या मावशी तो आजवर अठरा टक्क्यांनीं देत आल्या होत्या, आणि ‘आयकर भरणारे फार थोडे’ असें म्हणतांना त्यांचें हें देणें कोणीच मोजलें नव्हतें. गोपाळराव गोखले ह्यांनीं १९०२ सालीं कलकत्त्याच्या कायदेमंडळांत जें भाषण केलें त्यांत एकाच दमांत दोन मागण्या होत्या: मिठावरचा कर उतरवा, आणि लहान उत्पन्नाच्या माणसास आयकरांतून सोडा. पुढच्याच वर्षीं मिठाचा कर उतरला आणि आयकराची मर्यादा पांचशेंवरून हजारावर गेली. मीठ आणि मिळकत ह्यांचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें. आपण तो पुष्कळदां वेगवेगळा मांडतों, आणि म्हणून आपणांपैकीं प्रत्येकाला वाटतें कीं घर आपल्याच जिवावर चाललें आहे.

दुसऱ्या रात्रीं मी पेटींतल्या वडिलांच्या वह्या चाळीत बसलों. त्यांत एक पान आहे, तें मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमचे एक चुलते तेव्हां एकत्र राहात. त्या काळीं घरांतला प्रत्येक मिळविता मनुष्य पगाराच्या प्रमाणांत रक्कम घरखर्चास देई. ज्याला अधिक मिळे तो अधिक देई, आणि पंगतींत मात्र सर्वांच्या पानांत तूप सारखें पडे. ह्याला कोणी समाजवाद म्हणत नसे; ती घराची रीत होती. चुलते संध्याकाळीं शिकवण्या करीत आणि ते पैसे वेगळे ठेवीत. पांच वर्षांनीं हें उघडकीस आलें. वडिलांनीं त्यांना एक शब्दहि विचारला नाहीं. केवळ वहींत त्यांच्या नांवासमोर लिहिलें, ‘बाकी’. रक्कम लिहिली नाहीं. त्या पांच वर्षांत आमच्या विधवा आत्येचे दोन दांत दुखत होते आणि ‘पुढच्या महिन्यांत पाहूं’ म्हणून डॉक्टरांकडे जाणें लांबत होतें. चुलत्यांना ती बाकी कधींच फेडतां आली नाहीं. कारण तोंवर आत्येनें ते दांत काढून टाकले होते.

त्या पानापाशीं मी बराच वेळ थांबलों. कर चुकविणारा मनुष्य सरकारास फसवितो असें आपण म्हणतों, आणि ‘सरकार’ म्हटलें कीं मनाला टोंचणी लागत नाहीं. पण ती बाकी पडते ती कोणाच्या तरी दांतांवरच पडते. तो मनुष्य आपल्या पंगतींत नसतो, एवढाच फरक.

आणि मग मला माझीच बाकी दिसली. आमच्या वाड्याच्या दर्शनी भागांत दोन दुकानें आहेत. त्यांचें भाडें दरमहा चाळीस हजार, म्हणजे वर्षाचे ४ लक्ष ८० हजार. कायद्याप्रमाणें त्यांतून दुरुस्तीसाठीं शेंकडा तीस वजा जातां ३ लक्ष ३६ हजार उरतात. आमचें अविभक्त कुटुंब हें कायद्याच्या दृष्टीनें एक निराळें माणूसच आहे. त्याला त्याची स्वतःची चार लक्षांची माफी आहे. म्हणून ह्या भाड्यावर एक पैहि कर नाहीं. हेंच भाडें पुतण्याच्या पगारांत मिळविलें असतें तर सुमारें एक लक्ष रुपये कर पडला असता. यांत बेकायदेशीर कांहीं नाहीं. पण आमच्या गल्लीच्या टोंकाला माझे एक ख्रिस्ती स्नेही आहेत. तेहि तीन भाऊ एकत्र राहतात, एका चुलीवर जेवतात, म्हाताऱ्या आईला सांभाळतात. त्यांचेंहि एक दुकान भाड्यानें दिलेलें आहे. त्यांना ही दुसरी माफी नाहीं. कारण ती एकत्र राहण्याबद्दल मिळत नाहीं, हिंदु, जैन, शीख किंवा बौद्ध असण्याबरोबर मिळते. चाळीस वर्षें मी त्यांच्याबरोबर फिरावयास जातों आणि श्रीमंतांच्या नांवानें बोटें मोडतों. माझ्या पेटींतल्या ह्या माणसाविषयीं मीं त्यांना एकदांहि सांगितलेलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मीं भावाला बोलावलें. म्हटलें, “आंबे एकशें दहा पेट्याच झाले. तेवढेच लिहीन.” तो म्हणाला, “म्हणजे मी चोर?” मीं म्हटलें, “नाहीं. चौदा माणसांना पगार देणारा तूं मजपेक्षां देशाच्या अधिक उपयोगाचा आहेस. पण ते सहा लाख तुझे आहेत, झाडांचे नाहींत. आणि बाग राखणाऱ्या गड्यानें मोजून सांगितलेला आंकडा मला खोटा पाडवत नाहीं.” तो उठून गेला. आठ दिवस तो माझ्याशीं बोलला नाहीं. पानें मांडतांना त्याचें पान समोरच्या ओळींत जाऊं लागलें. एकत्र कुटुंबांत अबोल्याचा आवाज भांडणापेक्षां मोठा असतो, हें ज्यांनीं अनुभवलें असेल त्यांना सांगावयास नको.

नवव्या दिवशीं सकाळीं तो चहाचा पेला घेऊन माझ्या खोलींत आला. ते पैसे कारखान्याच्या हिशेबांत घेतल्याचें त्यानें सांगितलें. मग खिडकीबाहेर पाहात म्हणाला, “अण्णा, त्या दोन दुकानांच्या भाड्याचें काय? तें मात्र झाडांचें आहे वाटतें?” त्याला माझें गणित कोणीं सांगितलें होतें कोण जाणे. मजपाशीं उत्तर नव्हतें. कायद्यानें दिलेली सवलत सोडून देण्याचें धैर्य मला झालें नाहीं. पुतण्याच्या मुलीच्या शिक्षणाचा विचार मनांत आला, आणि हाच विचार प्रत्येक श्रीमंताच्या मनांत येत असेल हेंहि त्याच क्षणीं मनांत आलें. मी इतकेंच म्हणालों, “तो कायदा उद्यां रद्द झाला तर मी तक्रार करणार नाहीं.” तो हंसला. त्या दुपारपासून त्याचें पान पुन्हां माझ्या शेजारीं आलें.

वहींत आतां मीं आमच्या कुटुंबाच्या नांवासमोर वडिलांसारखेंच एक ‘बाकी’ लिहून ठेवलें आहे. रक्कम लिहिलेली नाहीं. मुलीच्या प्रश्नाचें उत्तर मात्र मीं त्या संध्याकाळीं दिलें. म्हटलें, “होय बाळ, आपण श्रीमंत आहोंत.” तिला मोठें नवल वाटलें. घरांतल्या मोठ्या माणसांना तर त्याहून अधिक वाटलें.